जर्मन येतं, मग लॅटिन कशाला?

प्रश्न : सर, नमस्कार. माझ्या मुलीने पुण्यात जर्मन घेऊन एम.ए. केलं. आता सतराव्या शतकातल्या जर्मन लेखनावर पीएच.डी. करायची म्हणते. तिचे मार्गदर्शक म्हणतात, आधी लॅटिन शिकून ये. अभ्यास जर्मनीचा, मग लॅटिन कशाला? आणखी दोन वर्षं घालवायची का?
— एक पालक, निपाणी

उत्तर : मार्गदर्शक बरोबर सांगतायत. फी झाली, होस्टेल झालं, आता वर लॅटिन. तुमचा वैताग कळतो. पण निपाणीच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. घरात मराठी, जमिनीच्या उताऱ्यावर कन्नड, हायकोर्टाचा निकाल इंग्रजीत, सत्यनारायणाला संस्कृत. उद्या कोणी नुसते मराठी कागद बघून तुमच्या घराण्याचा इतिहास लिहायला बसला, तर शेत कुणाच्या नावावर होतं एवढंही त्याला सांगता यायचं नाही.

तिकडेही तेच. घरात बोली, विद्यापीठात लॅटिन, दरबारात पुढे फ्रेंच. ओपिट्स नावाचा कवी घ्या. जर्मन भाषेची हेळसांड करू नका, असं कळकळीने सांगणारं पुस्तक त्याने 1617 साली लिहिलं. वय विशीच्या आसपास. आणि लिहिलं कशात? लॅटिनमध्ये! ज्यांना पटवायचं होतं ते पंडित दुसरं काही वाचतच नव्हते. जर्मनमध्ये कविता कशी करावी हे त्याने जर्मनमध्ये सांगितलं ते 1624 साली. तुमची मुलगी फक्त जर्मन वाचणार असेल तर ओपिट्स तिला अर्धाच भेटेल. (हा सिलेशियाचा. त्याचं जन्मगाव आज पोलंडमध्ये आहे, गावाचं नावही बदललं. आपल्याकडे पाट्यांवरून काय काय होतं ते आठवून मी इथे गप्प बसतो.)

दुसरं उदाहरण खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं, ते मला जास्त आवडतं. 1613 साली त्याने दुसरं लग्न केलं आणि ऑस्ट्रियातल्या लिन्झमध्ये घरी वाइनची पिंपं आणली. व्यापारी आला, बुचाच्या भोकातून खुणा केलेली काठी तिरकी आत सरकवली, तळाच्या कडेला टेकवली, आकडा वाचला आणि पैसे सांगितले. पिंप उभट असो की बुटकं, काठी तीच. केप्लरला चैन पडेना. वखारीत तंबाखूच्या काट्यावर नजर ठेवून उभं राहिलेल्या निपाणीकराला ही बेचैनी वेगळी सांगायला नको. पिंपांच्या मापावर केप्लरने 1615 साली लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच वर्षी तोच विषय जर्मनमध्ये आणला. लॅटिन पंडितांसाठी, जर्मन व्यवहारातल्या माणसांसाठी. दोन्ही शेजारी ठेवली की कुणासाठी काय गाळलं, काय वाढवलं ते दिसतं. मुलीला खरं काम इथेच मिळेल.

आणि भाषा कुठे बदलली हे शोधावंही लागत नाही. त्या काळी जर्मन मजकूर टोकदार, काळ्याभोर फ्राक्टुर अक्षरात छापत आणि लॅटिन शब्द गोल अक्षरात. एकाच ओळीत दोन्ही. कित्येकदा एकाच शब्दात : मूळ शब्द लॅटिन म्हणून गोल, त्याला लागलेला जर्मन प्रत्यय टोकदार. आपण ‘फायलींना’ म्हणतो ना, त्यातली ‘फाईल’ रोमनमध्ये आणि ‘ना’ देवनागरीत छापल्यासारखं. त्या खिळे जुळवणाऱ्या माणसाला दर दोन शब्दांनी दुसऱ्या पेटीत हात घालावा लागत असणार. बिचारा.

दोन वर्षं मात्र लागणार नाहीत. जर्मनमुळे विभक्तीची सवय आहे. शाळेत संस्कृत असेल तर आणखी सोपं. आठ विभक्त्या पाठ केलेल्याला लॅटिनच्या सहांचं भय नाही. रोज तासभर बसली तर वर्षभरात प्रस्तावना लागू लागतील. एक सांगा तिला : स्वरावर आडवी रेघ दिसली तर घाबरू नकोस, पुढचा ‘म’ किंवा ‘न’ गाळलाय. म्हणजे आपला अनुस्वारच. पुस्तकांसाठी लगेच जर्मनीला जायला नको. वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयाने जुन्या छापील पुस्तकांची पानं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत.

प्रश्न : जुन्या जर्मन पुस्तकांत ‘स’च्या जागी ‘फ’ का छापलाय? ‘गाइस्ट’चं ‘गाइफ्ट’ वाचलं जातं.
— खानापूर

उत्तर : तो ‘फ’ नाही, लांब ‘स’ आहे. नीट बघा, ‘फ’ची मधली रेघ दांड्याच्या आरपार जाते, याची जात नाही. शब्दाच्या शेवटी छोटा ‘स’ येतो. मधल्या तिरक्या रेघा म्हणजे स्वल्पविराम. माझं पहिलं पान लागायला अख्खी दुपार गेली होती, त्यात दोनदा चहा झाला.