स्ट्रोकनंतर वडिलांना शब्द सुचत नाहीत. स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून एकदाच नेता येतं, मग बाकीचे दिवस मोबाइल ॲपवर भागेल का?

भागेल, पण ॲप कुठलं हे वडिलांना नेमकं काय झालंय त्यावर ठरतं. नाशिकमध्ये सिडकोहून गंगापूर रोडला त्यांच्याकडे जाताच आहात, तर पुढच्या खेपेला थेरपिस्टला सरळ विचारा: हा अफेजिया आहे की डिसार्थ्रिया? अफेजियात शब्दच सापडत नाही. डिसार्थ्रियात शब्द ठाऊक असतो, पण जीभ-ओठ साथ देत नाहीत, म्हणून बोलणं अस्पष्ट येतं. काहींना दोन्ही असतं. तुमच्या वर्णनावरून पहिलं वाटतंय, तरी निदान थेरपिस्टनेच करायचं.

माझ्या सासऱ्यांना अफेजिया झाला. शब्दांचा सराव घेणारी बरीच ॲप्स इंग्रजीत असतात आणि त्यातल्या वस्तू आपल्या घरातल्या नसतात. जन्म पंचवटीत गेलेल्या माणसाला ब्लूबेरीचं चित्र दाखवून काय मिळणार? म्हणून आम्ही मोबाइलवर स्वतःचे फोटो काढले: तांब्या, चष्मा, घराची किल्ली, नात, रामकुंड, मिसळीची प्लेट. प्रत्येक फोटोसोबत सासूबाईंच्या आवाजात शब्द रेकॉर्ड केला.

सराव कसा घ्यायचा ते थेरपिस्टने शिकवलं, आणि माझ्या मते खरं काम तिथेच झालं. फोटो दाखवून आधी गप्प थांबायचं, अगदी जिवावर येईपर्यंत. नाहीच आलं तर उपयोग सांगायचा, "कुलूप कशानं उघडतो?" मग पहिला आवाज, "कि...". अगदी शेवटी पूर्ण शब्द ऐकवायचा. घरातले लोक मायेपोटी लगेच शब्द सांगून टाकतात, तेवढं कटाक्षाने टाळा. रोज थोडा थोडा वेळ, थकवा दिसला की बंद.

गरजा सांगण्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप बघा. मोफत आहे, मराठीत आहे, चित्र दाबलं की फोन बोलतो. ते मुळात मुलांसाठी केलंय, त्यामुळे वडिलांना पोरकट वाटू शकतं. तसं झालं तर जबरदस्ती नको. चित्रं वापरल्याने बोलणं मागे पडेल ही भीती मात्र मनातून काढा. पाणी हवंय हे सांगता आलं की चिडचिड कमी होते, आणि शांत माणूस सरावाला बसतो.

बोलून टाइप करायची मराठी सोय अफेजियात सरावासाठी नको. फोनने चुकीचं लिहिलं की माणूस खचतो. आरती मात्र रोज सोबत म्हणा. बोलताना अडणारे पुष्कळ जण पाठ असलेलं गाऊ शकतात, आणि या गुणावरच बेतलेली मेलोडिक इंटोनेशन थेरपी १९७०च्या दशकापासून वापरात आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते: पाणी पिताना ठसका लागतो का? जेवल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतो का? तसं असेल तर ॲप राहू द्या, आधी डॉक्टरांना फोन करा. स्ट्रोकनंतर गिळण्यात दोष राहिला तर अन्न-पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.