गॅरेजचा सल्ला : उंच गाडीचं इंजिन

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल जीपचं सस्पेन्शन चार इंच उंच केलेलं आहे. इंजिन बाहेर काढायला दोन टनी क्रेन लावली तरी ते पुढच्या जाळीवरून जात नाही. काय करू? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : क्रेनचा हात पूर्ण लांबवू नका. दोन टनी क्रेन तिथे साधारण अर्धा टनच पेलते. त्यापेक्षा गाडी खाली आणा : पुढची चाकं काढून पुढच्या अॅक्सलचं हाउसिंग जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसवर (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्यावर) असतो, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडला की तो निकामी. रेडिएटर आणि जाळीही काढा, म्हणजे उंच उचलावंच लागत नाही.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवा, पण बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या, क्लचवरच्या कवचाचे) बोल्ट सोडण्याआधी गिअरबॉक्सखाली जॅक द्या. खरी गडबड इथेच होते. इंजिन आणि बेलहाउसिंगमधली फट वर-खाली सारखी दिसली पाहिजे. वर जास्त उघडली तर इंजिनाचा भार इनपुट शाफ्टवर (गिअरबॉक्समधून क्लचप्लेटमध्ये शिरणाऱ्या दांड्यावर) येतो आणि क्लचप्लेट वाकते. हा शाफ्ट पूर्ण सुटेपर्यंत इंजिन सरळ पुढेच ओढा, मगच वर. अडलं तर जोर नको. बहुधा अर्थिंगची पट्टी (इंजिन आणि चासी जोडणारी वायर) किंवा एखादा बोल्ट राहिलेला असतो. आपल्या खाऱ्या हवेत इंजिन चासीवर बसवणारे माउंटिंगचे बोल्ट गंजतात, त्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा.