पीझेडटीचा गोलसर लूप: आधी गळती तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं लगेच ओळखू आलं. सोल-जेलची (द्रावणातून थर देऊन भाजलेली) ३०० नॅनोमीटर पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटनेट, हे फेरोइलेक्ट्रिक) फिल्म, खाली प्लॅटिनम, ५० हर्ट्झचा लूप (व्होल्टेजसमोर चार्जचा आलेख), टोकं गोल, आणि त्यावरून काढलेलं रेमनंट पोलरायझेशन (व्होल्टेज काढल्यावर उरणारं ध्रुवीकरण) ६० मायक्रोकूलंब प्रति चौरस सेंटीमीटर. एक्सआरडी (एक्स-रे विवर्तन) स्वच्छ आहे म्हणता, तर फेजचा, म्हणजे स्फटिकरचनेचा, विषय सोडतो.

हा ६०चा आकडा थीसिसमध्ये घालू नका. टोक गोल, याचा अर्थ व्होल्टेज उतरायला लागलं तरी चार्ज वाढतोच आहे. तो गळतीचा करंट. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी २००८ साली केळ्याच्या सालीचा, म्हणजे फेरोइलेक्ट्रिक नसलेल्या वस्तूचा, असाच लूप छापून दाखवला होता.

तोच डॉट (फिल्मवरचा गोल इलेक्ट्रोड) ५० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ आणि ५ किलोहर्ट्झला मोजा. गळतीचा चार्ज दर टप्प्याला साधारण दहापट घटतो. खरं स्विचिंग (ध्रुवीकरणाची दिशा उलटणं) असेल तर पोलरायझेशन फारसं हलत नाही, कोअर्सिव्ह फील्ड (ती दिशा उलटवायला लागणारं क्षेत्र) मात्र थोडं वाढतं. करंट-व्होल्टेजचा आलेखही काढा. एवढ्या जाडीला स्विचिंगच्या करंटचं शिखर साधारण दीड ते तीन व्होल्टमध्ये दिसायला हवं. करंट नुसता टोकालाच चढत असेल तर ती गळतीच. मग पंड (PUND) पल्स लावा, एका दिशेच्या दोन आणि मग उलट दिशेच्या दोन: पहिल्या पल्सच्या चार्जमधून दुसऱ्याचा वजा केला की दुप्पट रेमनंट मिळतं. गळती फारच असेल तर या वजाबाकीवरही मी विसंबणार नाही.

सगळ्यात जास्त महिने खातं ते सामायिक उपकरण केंद्र. एका केंद्राचं, नाव घेत नाही, उत्तर ठरलेलं: लूपचं एक चित्र, फ्रिक्वेन्सी लिहिलेली नाही, आणि करंटची फाइल मागितली की ‘फॉर्मवर तसं नव्हतं’. पुन्हा फॉर्म, पुन्हा रांग. विद्यार्थ्याचं वर्ष असं वाया घालवणं मला अक्षम्य वाटतं. म्हणून फॉर्मवरच लिहा: तिन्ही फ्रिक्वेन्सी, पल्सची रुंदी, डॉटचा व्यास, कच्चा डेटा टेक्स्ट फाइलमध्ये. पोचपावतीची प्रत ठेवा.

डॉटचा व्यास मास्कवरून (डॉट पाडायच्या छिद्रांच्या पत्र्यावरून) धरू नका, मायक्रोस्कोपखाली मोजा. मास्क नीट टेकला नाही की २०० मायक्रॉनचा डॉट २२० होतो. क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं, आणि २००च धरून भागलं की पोलरायझेशन तेवढंच फुगतं.

गळतीचं मूळ बहुधा सोलमध्ये (फिल्मच्या द्रावणात) असतं. इंदूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत झिर्कोनियम प्रोपॉक्साइड उघडं ठेवलं की पांढरट साका येतो. नायट्रोजनखाली ओता, ॲसिटिलॲसिटोन घाला, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. शिसं १० टक्के जादा घ्या, भट्टीत ते उडतं. सोलचं सॉल्व्हंट मेथॉक्सीएथेनॉल प्रजननाला घातक आहे, फ्यूमहुडबाहेर बाटली उघडू नका.

खालच्या इलेक्ट्रोडसाठी फिल्म खरवडू नका. स्पिन झाल्यावर, हॉटप्लेटवर ठेवण्याआधी, एक कोपरा सॉल्व्हंटच्या बोळ्याने पुसा. हे सगळं पीझेडटीपुरतं; बिस्मथ फेराइट (शिसं नसलेलं दुसरं फेरोइलेक्ट्रिक) असेल तर शिशाचं गणित तिथे लावू नका. तिन्ही फ्रिक्वेन्सीचे लूप टाका, मग पुढचं बघू.