सतत दावे करणाऱ्या नातेवाइकाला नव्या दाव्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यायला लावता येते का? त्यामुळे त्याचा दाद मागण्याचा हक्क हिरावला जात नाही का?

परवानगीची अट घालता येते. खोडसाळ दाव्यांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९७१चा आहे. एखादी व्यक्ती सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय दिवाणी वा फौजदारी प्रकरणे दाखल करत आली आहे, अशी खात्री झाल्यास उच्च न्यायालय तिला म्हणणे मांडण्याची संधी देऊन तसा आदेश करू शकते. मात्र हा अर्ज तुम्हाला थेट करता येत नाही. तो राज्याच्या महाधिवक्त्यांमार्फतच, म्हणजे राज्य सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यामार्फतच, जावा लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने मला अधिक अस्वस्थ केले, कारण आमच्या घरात त्यावरूनच वर्षानुवर्षे वाद झाला. वडिलांच्या चुलतभावाने बांधाच्या हद्दीवरून दावा केला, तो फेटाळला गेला आणि अपीलही फेटाळले गेले. त्यानंतर त्याच बांधासाठी वहिवाटीच्या रस्त्याचा दावा आला, मग मुलाच्या नावाने मनाईचा दावा आला आणि शेवटी पीक चोरल्याची खासगी फौजदारी फिर्याद आली. वडील प्रत्येक वेळी जिंकले. पण प्राङ्न्यायाचा, म्हणजे हा वाद आधीच अंतिमरीत्या निकाली निघाला आहे असा, बचावसुद्धा समन्स आल्यावर, वकीलपत्र देऊन आणि कैफियत (लेखी उत्तर) दाखल करूनच मांडता येतो, आणि तोवर समोरच्याला हवे ते साधलेले असते. खोट्या दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे, आणि एवढ्या रकमेने असा माणूस थांबत नाही. महाधिवक्त्यांकडे जाण्याची तयारी आम्ही केली होती, परंतु थोरल्या काकांनी वडिलांना अडवले. न्यायालयाचे दार कोणालाही बंद करणे हे पाप आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वडील अखेरपर्यंत तारखांना जात राहिले.

काकांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. या आदेशाने दार बंद होत नाही; प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर परवानगी मिळते. फरक एवढाच की आपल्या म्हणण्यात काही अर्थ आहे हे आधी त्याला दाखवावे लागते, आणि तोपर्यंत समोरच्या कुटुंबाला वकील शोधत फिरावे लागत नाही. मद्रासचा १९४९चा अशाच स्वरूपाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६५मध्ये घटनेशी सुसंगत ठरवला. विधी आयोगाने २००५च्या १९२व्या अहवालात असा कायदा देशभर असावा अशी शिफारस केली. ज्यांना हक्काची इतकी काळजी वाटते, त्यांनी वर्षानुवर्षे प्रतिवादी म्हणून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हक्काचाही विचार करावा.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीची वाट पाहू नका. सर्व प्रकरणांचा तक्ता करा: कोणते न्यायालय, कोणती मागणी, काय निकाल, आणि तीच मागणी पुढे कोणत्या रूपाने परत आली. निकालांच्या प्रमाणित प्रती जोडा. हेही सांगायला हवे की दोन-तीन दावे हरला म्हणजे माणूस खोडसाळ ठरत नाही. त्याचा एखादा दावा जरी अंशतः मंजूर झाला असेल तर तुमची बाजू बरीच दुबळी होईल. तुमच्या प्रकरणांचे स्वरूप मला ठाऊक नाही, त्यामुळे कागदपत्रे आधी जाणत्या वकिलांना दाखवा. अर्जाचा निर्णय होईपर्यंत चालू दाव्यांतील तारखा चुकवू नका, कारण एखाद्यात तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला तर तुमचा नातेवाईक तोच हुकूमनामा तुमच्या अर्जाविरुद्ध पुढे करील.