दोन एकर आणि सहा लाखांचे तीन डोस

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांनी लिहिलंय: ‘मुलगा ८ वर्षांचा. जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकत टेकत उठतो. पोटऱ्या भरदार, म्हणून आजोबा त्याला पैलवान म्हणायचे. आता डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं निदान झालंय. एका खासगी केंद्रानं स्टेम सेलचे तीन डोस सांगितलेत, ६ लाख. वडिलोपार्जित दोन एकर कोरडवाहूला १८ लाखांचं गिऱ्हाईक आहे. इसार घेऊ का? एजंट म्हणतो, उरलेल्या पैशातून मुलाच्या नावे पॉलिसी काढा. माझी नोकरी २०११ची, एफडी ४ लाखांची, राहतो भाड्यानं दुसऱ्या मजल्यावर.’

गुरुजी, इसार घेऊ नका.

या आजारात स्नायूंना धरून ठेवणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन शरीरात जवळपास तयारच होत नाही. स्नायू झिजतात आणि त्यांच्या जागी चरबी भरते, म्हणून पोटऱ्या जाड दिसतात. स्टेम सेलनं, म्हणजे मूळपेशी टोचून, हे उलटवता येतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारासाठी स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे ६ लाख मागितले, यातच सगळं आलं.

तुमची घालमेल मला कळते. ‘बापानं जमीन धरून ठेवली अन् लेकराला मरू दिलं’ असं कुणी म्हणेल, ही धास्ती पत्राच्या ओळीओळीत आहे. पण ज्यानं या मुलांचे चालते दिवस खरोखर वाढतात, ते औषध महाग नाही: न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली दिलेलं स्टेरॉइड. सोबत रोजचं स्ट्रेचिंग, रात्री पायांना आधार देणारे स्प्लिंट आणि दरवर्षी हृदयाची इको. हे सगळं पगारातून होतं.

मोठा खर्च पुढे आहे, आणि त्याचं वेळापत्रक आजारच ठरवतो. उपचार नसतील तर साधारण बाराव्या वर्षापर्यंत व्हीलचेअर लागते. पुढे श्वासाचे स्नायू दमतात, मग रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं यंत्र लागतं. म्हणून पैसा हाताशी हवा, पंधरा वर्षांच्या पॉलिसीत अडकलेला नको. शिवाय मुलाच्या नावची पॉलिसी तुमच्यामागे त्याला कोण बघेल, याचं उत्तर देत नाही. विमा तुमच्या जिवाचा हवा. २००५च्या नोव्हेंबरनंतर लागलेल्यांना जुन्या पेन्शनचा भरवसा नाही, तेव्हा १ कोटीचा साधा टर्म विमा या महिन्यातच घ्या. फॉर्ममध्ये घरच्या आजारांबद्दल विचारलं तर काहीही लपवू नका.

दुसरं काम घर बदलायचं. दुसऱ्या मजल्यावरून आज तुम्ही त्याला कडेवर उतरवत असाल. तो तेरा वर्षांचा होईल तेव्हा तुमची पाठ साथ देणार नाही. तळमजला बघा. व्हीलचेअर सहज जाईल असं रुंद दार, उंबरठ्याऐवजी उतार, कमोडची सोय. डिपॉझिट आणि डागडुजीला एफडीतले दीड लाख काढा, उरलेल्याला हात लावू नका. जमीन तूर्त बटईनं द्या. पुढे कधी विकावीच लागली, तर नगरपालिका हद्दीपासूनचं अंतर आधी तपासा. ग्रामीण शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर नाही, पण शहरालगतची जमीन त्यात धरत नाहीत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला की प्राप्तिकरात (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र असेल तर १,२५,०००. ही फक्त जुन्या करप्रणालीत, म्हणून दोन्हींचा हिशोब करून बघा. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात ५० लाखांपर्यंतच्या उपचारांची तरतूद आहे. पैसे हातात येत नाहीत, ठरावीक केंद्रांत उपचार होतात. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. तिथे मुलाची नोंद करा आणि जनुक तपासणीचा अहवाल जपून ठेवा. काही नवी औषधं जनुकातला नेमका कोणता तुकडा गळालाय यावर चालतात.

घरात कुणी सूनबाईंना बोल लावत असेल तर त्यांना एवढं सांगा, की साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांमध्ये हा दोष आईकडून आलेलाच नसतो. तरी मुलाच्या आईची तपासणी करून घ्या. आणखी मूल हवं असेल, तर आधीच.

गिऱ्हाइकाला ‘दिवाळीपर्यंत थांबा’ म्हणू नका. सरळ नाही सांगा. थांबा म्हटलं की तो भाव वाढवत राहील आणि तुम्ही रोज रात्री तोच हिशोब मांडत बसाल.