ताफ्यातलं तटस्थ जहाज: टॉर्पेडो सोडायचा की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सायलेंट हंटर ३ या जर्मन पाणबुडीच्या गेममध्ये १९४० च्या ऑक्टोबरात ब्रिटिश ताफ्यावर (पहाऱ्यात एकत्र चाललेल्या व्यापारी जहाजांच्या गटावर) हल्ला केला, बुडालेल्या जहाजांपैकी एक स्वीडनचं निघालं आणि त्याबद्दल रिनाउन, म्हणजे गेममधले गुण, वजा झाले. तटस्थ जहाज शत्रूच्या ताफ्यात कसं, ही गेमची चूक आहे का, आणि पुढच्या वेळी काय करायचं?

जहाज तिथे असणं बरोबर आहे. त्याबद्दल गुण कापणं मात्र इतिहासाला धरून नाही.

तुमच्याच महिन्यातला, ब्रिटनकडे चाललेला एससी ७ हा खरा ताफा घ्या. निघालेली जहाजं ३५, बुडाली २०. बुडालेल्यांत कॉन्व्हालारिया आणि गुनबोर्ग ही स्वीडिश जहाजं होती. शिवाय एनोस, नीरितोस आणि थालिया ही ग्रीक जहाजं होती, आणि ग्रीस युद्धात ओढला गेला तो २८ ऑक्टोबरला, म्हणजे हा ताफा फुटल्यानंतर. बुडाली त्या दिवशी तीही कागदोपत्री तटस्थच होती. त्याआधी, नोव्हेंबर १९३९ ते एप्रिल १९४० या काळात, स्कॉटलंडमधलं मेथिल आणि नॉर्वेतलं बर्गन यांच्यामध्ये ओएन आणि एचएन नावाचे ताफे चालत. त्यांत नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांची जहाजं मोठ्या संख्येनं असायची. माल ब्रिटनचा आणि भाडं ब्रिटनचं, म्हणून संरक्षणही ब्रिटनचंच घेतलं जायचं.

आता कायद्याचं. १९३६ च्या लंडन प्रोटोकॉलनुसार पाणबुडीनं व्यापारी जहाज आधी थांबवायचं, कागद तपासायचे, आणि बुडवायचंच असेल तर खलाशी, प्रवासी आणि कागदपत्रं सुरक्षित ठिकाणी पोचवूनच बुडवायचं. जर्मनीनंही हा प्रोटोकॉल मान्य केला होता. यातून सूट दोनच बाबतींत: जहाज थांबायला सतत नकार देत असेल, किंवा तपासणीला प्रत्यक्ष विरोध करत असेल. शत्रूच्या युद्धनौकांच्या पहाऱ्यात चालणं म्हणजे बळाच्या जोरावर तपासणी नाकारणंच, असा अर्थ लावला जायचा. त्यामुळे ताफ्यात शिरलेल्या जहाजाला निशाण कोणतंही असो, इशाऱ्याचा हक्क उरत नसे. जर्मन कप्तानांना हे १९३९ पासूनच स्पष्ट होतं.

एकट्या जहाजाची गोष्ट वेगळी, आणि ही दोन प्रकरणं एकत्र करू नका. १७ ऑगस्ट १९४० ला जर्मनीनं ब्रिटनभोवतीचा मोठा समुद्र नाकेबंदीचा म्हणून जाहीर केला आणि तिथे येणाऱ्या तटस्थांनाही बुडवू असं सांगितलं. न्यूरेंबर्गच्या न्यायालयानं १९४६ मध्ये शस्त्रसज्ज ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या हल्ल्यांबद्दल जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख ड्योनिट्झ याला दोषी धरलं नाही. पण अशा जाहीर क्षेत्रांत तटस्थ जहाजं इशारा न देता बुडवणं हा प्रोटोकॉलचा भंग ठरवला. म्हणून माझा नियम साधा आहे: बाजूवर निशाण रंगवलेलं, रात्री दिवे लावून एकटं चाललेलं जहाज सोडून द्यायचं, ताफ्यातल्या जहाजाला ती सवलत नाही. आयर्लंडलाही हा फरक किंमत मोजून कळला. त्यांचं क्लोनलारा ऑगस्ट १९४१ मध्ये ओजी ७१ ताफ्यात असताना यू-५६४ या जर्मन पाणबुडीनं बुडवलं. पुढे आयरिश जहाजं ताफे सोडून दिवे लावून एकटी जाऊ लागली. तरीही आयरिश पाइन आणि आयरिश ओक बुडालीच, पण तो अन्याय होता हे तरी कुणाला नाकारता येत नाही.

गेमला यातलं काहीच कळत नाही. हिशोब करताना इंजिन त्या जहाजाचा देश आणि त्या तारखेला तो देश कोणाच्या बाजूनं आहे एवढंच बघतं, शेजारून कोणती विनाशिका चालली आहे ते बघत नाही. थांबवून कागद तपासण्याची सोयही सायलेंट हंटर ३ मध्ये नाही, त्यामुळे मधला मार्गच उरत नाही. आणि रिनाउन म्हणजे चांगले टॉर्पेडो, अनुभवी माणसं आणि पुढची बोट मिळवायचं चलन, म्हणून वजाबाकी लागते.

तारखा पाठ ठेवल्या तर अर्धं काम होतं. नॉर्वे आणि डेन्मार्क ९ एप्रिल १९४० पर्यंत तटस्थ, हॉलंड आणि बेल्जियम १० मे १९४० पर्यंत, ग्रीस २८ ऑक्टोबर १९४० पर्यंत, ब्राझील ऑगस्ट १९४२ पर्यंत. स्वीडन, स्वित्झर्लंड, आयर्लंड, स्पेन आणि पोर्तुगाल शेवटपर्यंत.

अमेरिकेचं प्रकरण सर्वांत अवघड, कारण तिथे व्यापारी जहाज नाही तर संरक्षक जहाजच तटस्थ असतं. सप्टेंबर १९४१ पासून अमेरिकन विनाशिका ब्रिटनला जाणाऱ्या एचएक्स ताफ्यांना अर्ध्या अटलांटिकपर्यंत सोबत करू लागल्या. १७ ऑक्टोबरला एससी ४८ ताफ्याजवळ कर्नी या विनाशिकेला टॉर्पेडो लागला, ३१ ऑक्टोबरला एचएक्स १५६ सोबतची रूबेन जेम्स ही विनाशिका यू-५५२ नं बुडवली. हे सगळं अमेरिका अधिकृतपणे तटस्थ असताना. तुमच्या नकाशावर अशी विनाशिका तटस्थ दिसली तरी ती निरुपद्रवी समजू नका, आणि तिच्यावर टॉर्पेडोही सोडू नका. हिटलरचा हुकूमही अमेरिकेशी चकमक टाळण्याचाच होता. ती ज्या बाजूला असेल ती बाजू सोडून दुसरीकडून आत शिरा.

आता ओळखण्याचं. नकाशावर संपर्क दाखवण्याचा पर्याय चालू असेल तर मूळ गेममध्ये शत्रू लाल, तटस्थ हिरवा आणि आपला निळा दिसतो. तो पर्याय बंद असेल, किंवा मॉडनं (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइलींनी) सगळी चिन्हं एकाच रंगाची केली असतील, तर निशाणावरच भिस्त. जहाज ओळखायच्या पुस्तिकेवर देशासाठी विसंबू नका: एकाच बांधणीचं मालवाहू जहाज अनेक देशांच्या निशाणाखाली येतं, पुस्तिका फक्त बांधणी सांगते. म्हणून रात्री हल्ला करायचा असेल तर उजेड असतानाच पुढे जाऊन, पेरिस्कोप थोडा वेळच वर काढून, आपल्या बाजूच्या रांगेतली निशाणं बघून घ्या आणि रांग व क्रमांक लिहून ठेवा. अंधारात काही दिसणार नाही.

बहुतेकांचे गुण जातात ते नेम धरलेल्या जहाजामुळे नाही, तर चुकलेल्या टॉर्पेडोमुळे. हे गणित एकदा समजून घ्या. विजेवर चालणारा टी२ टॉर्पेडो ३० नॉटनं, म्हणजे सेकंदाला सुमारे १५.४ मीटर जातो आणि ५००० मीटरपर्यंत पोचतो. लक्ष्य १२०० मीटरवर, काटकोनात, ताफ्याचा वेग ७ नॉट धरा. टॉर्पेडो लक्ष्यापर्यंत ७८ सेकंदांत जाईल. रांगांमधलं अंतर सुमारे ९०० मीटर असेल तर चुकलेला टॉर्पेडो आणखी सुमारे ५८ सेकंदांनी दुसऱ्या रांगेत शिरेल. तेवढ्या वेळात ताफा सुमारे २१० मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे दुसऱ्या रांगेत धोका असतो तो लक्ष्याच्या थेट पलीकडच्या जहाजाला नाही, त्यापेक्षा सुमारे २१० मीटर मागे असलेल्याला. तिसऱ्या रांगेत हाच आकडा सुमारे ४२० मीटर. तुमच्या ताफ्यातली अंतरं नकाशावर मोजा, हा हिशोब करा, आणि त्या जागी हिरवं जहाज येत असेल तर अर्धा मिनिट थांबा किंवा आधीचं जहाज निवडा. तीन-चार टॉर्पेडो थोड्या थोड्या कोनानं पंख्यासारखे सोडताना तर हे करायलाच हवं. नागमोडी फिरणारा एफएटी टॉर्पेडो तटस्थ जहाजं असलेल्या ताफ्यात वापरू नका, तो कोणाला लागेल ते तुमच्या हातात नसतं.

फाइलमध्येच बदल करायचा असेल तर दोन जागा आहेत. कोणता देश कधीपासून कोणत्या बाजूला, हे रोस्टर फोल्डरमधल्या डेफसाइड या फाइलमध्ये असतं. तिथे स्वीडनला मित्रराष्ट्रांत टाकण्याचा मोह होतो, पण तसं केलंत तर एकटी चाललेली स्वीडिश जहाजंही लाल होतात आणि वर सांगितलेला फरकच पुसला जातो. तिथे फक्त चुकीच्या तारखा दुरुस्त करा. ताफ्यांची रचना कॅम्पेन-आरएनडी या मिशन फाइलमध्ये असते. गेमसोबत आलेल्या मिशन एडिटरमध्ये ती उघडा, ताफ्याच्या गटातलं स्वीडिश जहाज निवडा आणि त्याचा देश ब्रिटिश करा. आधी एक गोष्ट तपासा: ब्रिटिश रोस्टरमध्ये, म्हणजे त्या देशाच्या जहाजांच्या यादीत, ती बांधणी आणि ती तारीख आहे का? नसेल तर मोहीम सुरू होताना गेम कोसळू शकतो. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, बदल जेएसजीएमई या मॉड चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅममधून मॉड म्हणून चालू करा, आणि बोट बंदरात असतानाच करा. गस्तीवर असताना केलेले बदल आधीच्या सेव्हशी जुळत नाहीत.

या उपायानं स्वीडिश निशाण ताफ्यातून नाहीसं होतं, हा त्याचा तोटा. म्हणून मी फाइलला हात लावत नाही, निशाण तसंच ठेवतो: ताफ्यातल्या तटस्थ जहाजावर मुद्दाम टॉर्पेडो खर्च करत नाही, पण ते मध्ये आहे म्हणून चांगली संधीही सोडत नाही, आणि कापलेले गुण सहन करतो. चुकून लागलंच तर जुना सेव्ह उघडून पुन्हा हल्ला करायच्या भानगडीत पडू नका. सायलेंट हंटर ३ मध्ये जहाजं जवळ असताना केलेला सेव्ह अनेकदा बिघडलेला निघतो, आणि दोनशे रिनाउन वाचवताना अख्खी गस्त जाते.