क्रीट बेटावरील नामशेष पाणमांजर आणि त्याचे आपल्याकडचे नातलग

आपण विचारले आहे की, केवळ एखाद्या बेटावरच राहणारी आणि आता नामशेष झालेली पाणमांजराची प्रजाती प्रागैतिहासिक काळात होती का, आणि असल्यास ती आजच्या पाणमांजरांपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळी होती.

अशा प्रजाती एकाहून अधिक होत्या, आणि भूमध्य समुद्रातील बेटांवर त्यांचे जीवाश्म सापडले आहेत. त्यांपैकी ग्रीसच्या क्रीट बेटावरील प्रजातीविषयी मी सविस्तर लिहितो, कारण तिचा सांगाडा जवळजवळ पूर्ण मिळालेला आहे आणि तिचे सर्वांत जवळचे नातलग आजही आपल्या नद्या-खाड्यांमध्ये वावरत आहेत.

क्रीटच्या उत्तर किनाऱ्यालगत, रेथिम्नो शहराच्या परिसरात असलेल्या लिको गुहेत हा सांगाडा सापडला. ग्रीक संशोधक सिमेओनिदिस आणि डच जीवाश्मशास्त्रज्ञ पॉल सोंडार यांनी १९७५ मध्ये त्याचे वर्णन करून त्याला ‘इसोलालुट्रा क्रेटेन्सिस’ असे नाव दिले. हा प्राणी इतर सर्व पाणमांजरांहून इतका निराळा आहे की त्याच्यासाठी स्वतंत्र कुळी (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) हवी, असे तेव्हा वाटले होते. पुढे विलेमसेन या डच अभ्यासकाने त्या हाडांची तुलना युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या पाणमांजराशी आणि आशियातील ‘स्मूथ कोटेड’ म्हणजे मऊ, गुळगुळीत फर असलेल्या पाणमांजराशी केली. या तुलनेतून क्रीटचे पाणमांजर या आशियाई पाणमांजराच्या ‘लुट्रोगेल’ कुळीतले ठरले आणि त्याचे नाव ‘लुट्रोगेल क्रेटेन्सिस’ असे झाले.

लुट्रोगेल कुळीत आज एकच प्रजाती जिवंत आहे, आणि ती म्हणजे महाराष्ट्रातील नद्यांच्या काठी, कोकणातील खाड्यांत आणि गोव्यात मांडवीच्या कांदळवनांत दिसणारे, गटाने राहून मासे पकडणारे, चपट्या शेपटीचे आपले पाणमांजर. काही भागांत त्याला ऊद असेही म्हणतात. झाडांवर चढणारे उदमांजर हा मात्र सर्वस्वी वेगळा प्राणी आहे. संस्कृतमधील ‘उद्र’ म्हणजे पाणमांजर आणि ग्रीकमधील ‘हिद्रा’ म्हणजे पाणसाप हे दोन्ही शब्द पाण्याचा अर्थ असलेल्या एकाच मूळ धातूपासून आले आहेत, हे या प्राण्याच्या संदर्भात मला फार समर्पक वाटते.

भारतातील प्राण्याचा नातलग थेट क्रीटवर कसा, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु या प्रजातीचा आजचा विस्तार भारत आणि आग्नेय आशियापुरता मर्यादित नाही. इराकच्या दक्षिणेकडील दलदलीच्या प्रदेशात तिची एक तुटक, वेगळी पडलेली वस्ती आहे, आणि या कुळीचे प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळातील जीवाश्म दूर पूर्वेला जावा बेटावरही मिळाले आहेत. हे सर्व ठिपके एकत्र जोडून पाहिले, तर लुट्रोगेलचा प्रदेश एके काळी आजच्यापेक्षा बराच मोठा होता आणि क्रीट हे त्याचे पश्चिमेकडील टोक होते, असा अर्थ मी लावतो.

क्रीट गेली सुमारे पन्नास लाख वर्षे मुख्य भूमीपासून तुटलेले आहे, त्यामुळे तेथे पोहोचायचे तर समुद्र ओलांडणे भाग होते. म्हणूनच प्लाइस्टोसीन काळातील क्रीटची प्राणिसृष्टी विलक्षण एकांगी दिसते: खुजे हत्ती, खुजे पाणघोडे, हरणांच्या अनेक प्रजाती, उंदीर, चिचुंद्री, म्हणजे एकतर उत्तम पोहणारे किंवा वाहत्या लाकडांवरून येऊ शकणारे प्राणी. लांडगा, तरस, बिबट्या यांच्यापैकी कोणीही तेथे नव्हते. पाणमांजराला समुद्राचे पाणी हा फारसा अडसर नसतो. सिंगापूरमध्ये नाहीशी झालेली स्मूथ कोटेड पाणमांजरे मलेशिया आणि सिंगापूर यांच्यामधील जोहोरची सामुद्रधुनी पोहून १९९० च्या दशकात तेथे परतली, असे मानले जाते. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली जात असे आणि अंतरेही कमी होत, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

आता आपल्या प्रश्नाचा मुख्य भाग. क्रीटच्या पाणमांजराचे वेगळेपण त्याच्या पायांत होते. हातापायांच्या हाडांची घडण सांगते की युरोपातील पाणमांजर आणि आपले पाणमांजर या दोघांपेक्षाही ते जमिनीवर चालण्याधावण्यास अधिक सक्षम होते. मांडवीच्या काठी चिखलावरून पाठीला बाक देत, काहीशा अवघड चालीने जाणारे पाणमांजर ज्याने पाहिले आहे, त्याला हा फरक किती मोठा आहे ते सहज कळेल. असे का घडले असावे? क्रीट हे मुख्यतः चुनखडकाचे बेट आहे. पाणी खडकात झिरपून जाते, बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात, आणि गोड्या पाण्याचे मोठे नैसर्गिक सरोवर म्हणावे तर कुर्नास हे एकच. अशा ठिकाणी एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत चालत जाण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय जमिनीवर त्याला मारणारे कोणी नव्हते आणि तेथील लहान प्राण्यांची शिकार करणारा दुसरा सस्तन मांसाहारीही नव्हता. इतर बेटांवर कोल्ह्यासारख्या प्राण्याने घेतली असती ती जागा येथे मोकळी होती, आणि पाणमांजर तिच्याकडे अंशतः सरकले, असे माझे मत आहे. त्याच बेटावरील नामशेष घुबडाचे पायही असाधारण लांब होते, म्हणजे तेही जमिनीवर अधिक वावरत असावे, ही गोष्ट या मताला पुष्टी देते.

बेटावरील पाणमांजर म्हटले की बऱ्याचदा एका महाकाय प्राण्याचा उल्लेख होतो. तो क्रीटचा नव्हे. तो सार्डिनियाचा ‘मेगालेनहिड्रिस बार्बारिसिना’ असून दोरगालीजवळील इस्पिनिगोली गुहेत सापडलेल्या अपुऱ्या सांगाड्यावरून १९८७ मध्ये त्याचे वर्णन झाले. तो आजच्या कोणत्याही पाणमांजरापेक्षा मोठा होता. माल्टाच्या ‘नेसोलुट्रा’चे वर्णन डोरोथिया बेट यांनी १९३५ मध्ये केले, १९०४ मध्ये क्रीटच्या गुहांत उतरून खुज्या हत्तींची हाडे शोधणाऱ्या याच त्या संशोधिका. सिसिलीवरही एक वेगळी प्रजाती होती. मात्र लुट्रोगेल कुळीची, म्हणजे आपल्या पाणमांजराची सख्खी म्हणता येईल अशी, यांपैकी फक्त क्रीटचीच आहे.